रस्त्यावर दिसण्याची जबाबदारी कोणाची?

मार्गशीर्ष लागला की शहादा-प्रकाशा परिसरातील दिवस झपाट्याने आखडू लागतो. सायंकाळी सहाच्या सुमारास सातपुड्याच्या रांगा काळवंडतात आणि नेमक्या त्याच वेळी नंदुरबार जिल्ह्यातील रस्ते वाहू लागतात. पुरुषोत्तमनगर, डोकारे, समशेरपूर येथील साखर कारखान्यांकडे निघालेल्या ऊसगाड्या, पपईने भरलेले पिकअप, नंदुरबारच्या मिरची पथारींवरून परतणाऱ्या मजूर बाया, सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेला सहकुटुंब निघालेले दुचाकीस्वार, शाळा सुटल्यावर सायकलवरून घर गाठू पाहणाऱ्या मुली अशी सारी वर्दळ एकाच डांबरी पट्टीवर येते. थंडीमुळे दुचाकीवरील माणसांनी अंगाभोवती काळी, तपकिरी, गडद निळी शाल किंवा चादर लपेटलेली असते. मागे बसलेल्या माणसाच्या चादरीचे टोक वाऱ्याने उडून मागच्या लाल दिव्यावर येते, तेव्हा उरलीसुरली खूणही झाकली जाते. समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर डोळ्यांवर पडतो आणि क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. त्या क्षणी पुढे नेमके काय आहे, हे चालकाला केवळ अंदाजानेच ठरवावे लागते.

दर वर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते. फलक लागतात, व्याख्याने होतात, कुठे पोपटी-पिवळ्या रंगाच्या, चंदेरी पट्ट्यांच्या जाकिटांचे वाटप होते आणि छायाचित्रे छापून येतात. अशी जाकिटे दुचाकीस्वारांना व सायकलस्वारांना सक्तीची करावीत, अशी सूचनाही अधूनमधून पुढे येते. वरवर पाहता तिला विरोध करण्याचे कारण दिसत नाही. जो ठळक दिसतो तो वाचतो, हे सामान्य बुद्धीला सहज पटते. परंतु ज्या उपायासाठी सामान्य माणसाने खिशात हात घालायचा आहे, तो उपाय खरोखर किती उपयोगी, कोणत्या परिस्थितीत उपयोगी आणि कोणासाठी उपयोगी, याची छाननी त्याआधी व्हायला हवी.

ही छाननी जगात अनेक ठिकाणी झाली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरात १९९३ ते १९९६ या काळात अपघातात जखमी झालेल्या वा दगावलेल्या ४६३ मोटारसायकलस्वारांची तुलना त्याच रस्त्यांवरून सुखरूप जाणाऱ्या १,२३३ स्वारांशी करण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष आजही उद्धृत केले जातात. चकाकणारे किंवा फ्लोरोसंट कपडे घालणाऱ्यांच्या बाबतीत अपघाती इजेचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या शिरस्त्राणाऐवजी पांढरे वापरणाऱ्यांत तो २४ टक्क्यांनी, तर दिवसाही पुढचा दिवा लावून ठेवणाऱ्यांत २७ टक्क्यांनी कमी होता. गंमत म्हणजे, साध्या कपड्यांचा रंग किंवा खुद्द गाडीचा रंग यांचा धोक्याशी काहीही संबंध दिसला नाही.

सायकलस्वारांविषयीचा सर्वांत मोठा प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला. २०१२-१३ मध्ये ६,७९३ सायकलस्वारांपैकी निम्म्यांना भडक पिवळे जाकीट देऊन वर्षभर वापरायला सांगण्यात आले, उरलेल्यांना ते वर्ष संपल्यावर मिळाले. जाकीट घालणाऱ्यांत दुसऱ्या वाहनाशी वा व्यक्तीशी टक्कर होऊन इजा होण्याचे प्रमाण, दुरुस्त्या केल्यानंतरही, ३८ टक्क्यांनी कमी भरले. येथे थोडे थांबायला हवे. अपघात झाला की नाही, हे सहभागी सायकलस्वारांनीच कळवायचे होते. ज्याला जाकीट मिळाले तो किरकोळ धडक कळवण्याबाबत थोडा संकोचणारच! जाकीटवाल्या गटाने एकट्याने घसरून पडल्याच्या घटनाही कमी कळवल्या. आता घसरून पडण्याशी जाकिटाचा काय संबंध? संशोधकांनी याच कारणासाठी आकड्यात दुरुस्ती केली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तरीही अशा आकड्यांकडे पाहताना हात थोडा आखडता घ्यावा, हेच शहाणपणाचे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तर सायकलस्वारांना अशा साधनांमुळे संरक्षण मिळाल्याचे आढळलेच नाही.

याहून विचार करायला लावणारा अनुभव बाथ विद्यापीठाचा आहे. एका सायकलस्वाराने वेगवेगळ्या दिवशी सात प्रकारचे पोशाख घालून प्रवास केला आणि प्रत्येक मोटार त्याला किती अंतरावरून ओलांडून जाते, हे यंत्राने मोजले. पाच हजारांहून अधिक नोंदी झाल्या. नवशिक्याचा वेष असो, शर्यतीतल्या स्वाराचा असो की चमकदार जाकीट असो, ओलांडण्याच्या अंतरात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मोटारवाल्यांनी थोडे अधिक अंतर राखले ते एकाच पोशाखाला. त्यावर पोलीस हा शब्द आणि चित्रीकरण चालू असल्याची सूचना होती. आणि कोणताही पोशाख घातला तरी शंभरांत एक-दोन मोटारी अर्ध्या मीटरहून कमी अंतरावरून घासून गेल्याच. त्या चालकांना सायकलस्वार दिसत नव्हता, असे म्हणता येणार नाही. तो दिसत होता, फक्त त्याची पर्वा नव्हती. नंदुरबार-दोंडाईचा रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या कोणत्याही माणसाला हे बाथ विद्यापीठाने सांगण्याची गरज नाही.

मग जाकीट निरुपयोगी म्हणायचे काय? तसे नव्हे. घोळ होतो तो दिवस आणि रात्र यांची गल्लत केल्यामुळे. त्या पोपटी-पिवळ्या कापडाचा झगझगीतपणा हा फ्लोरोसंट रंगाचा गुण आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण तो शोषून घेतो आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने परत देतो. म्हणूनच ढगाळ दुपारी वा पहाटेच्या उजेडात तो कापडापेक्षा दिवाच वाटतो. सूर्य मावळला की अतिनील किरण संपले. मोटारीच्या दिव्यांत ते नगण्य असतात. त्यामुळे रात्री ते झगझगीत कापड साध्या फिकट कापडासारखेच होऊन बसते. रात्री काम करते ती त्यावरची चंदेरी पट्टी. तिच्यातले काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्लास्टिकचे बारीक कोन, पडलेला प्रकाश इतस्ततः न पांगवता जिथून आला तिथेच परत पाठवतात. मांजराच्या डोळ्यांवरून सुचलेली अशीच युक्ती इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यावरील खुणांसाठी वापरली. आपल्याकडे या पट्टीला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. वस्तुतः क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या रेडियमशी तिचा सुतराम संबंध नाही. ते मूलद्रव्य स्वतःहून किरण बाहेर टाकते, घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून एके काळी वापरले जाई, आणि तिथून ते नाव नंबरप्लेट रंगवणाऱ्यांच्या दुकानात येऊन स्थिरावले. नावाने एक गैरसमज मात्र रुजवला. ही पट्टी आपोआप चमकते, असे अनेकांना वाटते. समोरच्याचा दिवा तिच्यावर पडला तरच ती चमकते. दिव्याविना धावणाऱ्या ट्रॅक्टरपुढे ती आंधळीच.

रात्री कोणता पोशाख किती उपयोगी पडतो, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी २०१२ साली बंदिस्त रस्त्यावर प्रत्यक्ष मोटार चालवायला लावून काढले. पुढे सायकलस्वार आहे, हे चालकांनी किती वेळा ओळखले? काळ्या कपड्यांत शंभरांत दोनदा. नुसत्या फ्लोरोसंट जाकिटात पंधरा वेळा. परावर्तक पट्ट्यांच्या जाकिटात पन्नास वेळा. आणि त्या जाकिटाखेरीज गुडघ्यांना व घोट्यांना पट्ट्या बांधल्या तेव्हा नव्वद वेळा! पन्नासावरून नव्वदावर झालेली ही झेप चार वीतभर पट्ट्यांची आहे. कारण असे की माणसाच्या चालण्याची किंवा पायडल मारण्याची लय आपला मेंदू विलक्षण वेगाने ओळखतो. स्वीडनच्या उप्सला येथील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिले होते. अंधारात सांध्यांवर केवळ चमकणारे ठिपके लावलेला माणूस हलू लागताच पाहणाऱ्याला तो माणूस म्हणून कळतो. स्थिर चमकणारा पट्टा कठड्याचा असू शकतो, फलकाचा असू शकतो, उभ्या ट्रॉलीचा असू शकतो. वरखाली होणारे दोन ठिपके मात्र माणसाचेच असतात.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर अंतर तोडते. धोका ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर तिथेच सरतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. डिप्परच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस दिसतो तोच मुळी जेमतेम तेवढ्या अंतरावर, आणि समोरून अप्पर पडला तर त्याहूनही अलीकडे. भरलेल्या ट्रकला थांबायला लागणारे अंतर तर अधिकच. चांगली परावर्तक पट्टी दीडशे मीटरच्याही पलीकडून डोळ्यात भरते. त्या जादा शंभर मीटरांत चालकाला पाच-सहा सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात बहुतेक टकरी टळू शकतात.

नंदुरबारपुरता विचार केला तर आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. येथे हिवाळ्यात जाकीट घातले तरी त्यावर शाल येणारच. शालीखालचे जाकीट म्हणजे पेटीत ठेवलेला कंदील. पाठीवर दप्तर वा पिशवी असली की मागची पट्टी झाकली जाते आणि धोका तर प्रामुख्याने मागूनच असतो. देशातील अपघातांत मागून धडक बसण्याचे प्रमाण साधारण पाचवा हिस्सा आहे. रंगाचेही तसेच. कोणताही रंग उठून दिसतो तो पार्श्वभूमीच्या विरोधामुळे. श्रावणात नवापूर-विसरवाडीच्या हिरव्यागार भातशेतीपुढे पोपटी जाकीट मिसळून जाण्याचीच शक्यता, तेथे नारंगी बरे. फाल्गुनात सातपुड्यात पळस पेटतो तेव्हा नारंगीचाही भरवसा नाही! स्वस्तातल्या जाळीच्या जाकिटांवरील पट्टी दोन-चार धुण्यांत मरते, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे.

म्हणून या भागात जाकिटापेक्षा पट्टी महत्त्वाची, आणि अंगावरच्या पट्टीइतकीच वाहनावरची. मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, त्यामुळे शाळा सुटणे थांबले, हे मोठेच काम झाले. त्या सायकलींच्या पायडलवर, चाकांच्या आऱ्यांवर आणि मागच्या मडगार्डवर परावर्तक शाबूत आहेत का, हे वर्षातून एकदा पाहणे एखाद्या शिक्षकाला वा पालकाला अवघड नाही. सायकलींच्या परावर्तकांच्या दर्जाविषयी केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढला, पण आदेश कारखान्यातून निघणाऱ्या नव्या सायकलीला लागू होतो. तीन वर्षे वापरलेल्या सायकलीचे तुटलेले परावर्तक त्याने परत येत नाही. बैलगाडीची अवस्था त्याहून बिकट. ती मोटार वाहनाच्या व्याख्येतच बसत नाही, त्यामुळे मोटार वाहन कायद्याची तिच्यावर नजर नाही. रात्री दोन वाजता कारखान्याच्या रांगेकडे निघालेल्या टायरगाडीला ना दिवा असतो ना पट्टी, आणि मागे उसाची मोळी एवढी बाहेर आलेली असते की पट्टी असली तरी झाकावी. दर हंगामात आरटीओ व पोलीस ऊसवाहनांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा घेतात, त्या स्तुत्यच आहेत. मात्र ट्रॉलीच्या फळीवर लावलेली पट्टी बाहेर आलेल्या उसामागे दडते. ती लाल कापडासह मोळीच्या शेवटच्या टोकाला बांधायला हवी, एवढी साधी गोष्ट मोहिमेतून सुटते.

आता मूळ प्रश्न. दिसण्याची जबाबदारी कोणाची? सक्तीच्या सूचनेत एक छुपे गृहीतक आहे. जो चिरडला गेला त्याने स्वतःला पुरेसे दाखवले नाही, असे ते गृहीतक. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली, त्यांपैकी महाराष्ट्रात १५,२२४. मृतांत ७४,८९७ दुचाकीवरचे होते आणि ३२,८२५ पादचारी. त्याच अहवालात मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे, आणि दुचाकीवर मरण पावलेल्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. हे आकडे शेजारी ठेवले की क्रम आपोआप लागतो. पहिला वेगाला लगाम, दुसरे शिरस्त्राण, तिसरा धडधाकट दिवा, आणि मग पट्टी. जाकिटाचे वाटप आधी आणि वेगमर्यादेची अंमलबजावणी नंतर, हा उलटा क्रम सोयीचा आहे, कारण जाकीट घेणारा गरीब हात जोडतो आणि वेगाने जाणारा मोटारवाला फोन लावतो.

१९ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी दिवे घाटात ब्रेक निकामी झालेले जेसीबी यंत्र आळंदीकडे निघालेल्या संत नामदेव महाराजांच्या पालखी सोहळ्यात घुसले आणि सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. भगव्या पताका, टाळ-मृदंग, शेकडो वारकरी आणि लख्ख सकाळचा प्रकाश! याहून अधिक ठळक दिसणे कोणाला शक्य होते?

भारतात मोटार वाहन कायद्याने दुचाकीस्वारावर शिरस्त्राणाचे बंधन घातले आहे, चकाकत्या कपड्यांचे नाही. ते घालण्याची घाई करू नये, याला आणखी एक कारण आहे. अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अपघातग्रस्ताचाही निष्काळजीपणा होता, असे ठरले की भरपाई कापली जाते. उद्या जाकीट सक्तीचे झाले, तर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून मजुरीसाठी सुरतेकडे निघालेल्या आणि जाकिटाविना मारल्या गेलेल्या तरुणाच्या विधवेला विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न कोणता विचारील, हे सांगायला नको. फ्रान्सने २००८ पासून गावाबाहेर रात्री सायकल चालवणाऱ्यांना असे जाकीट सक्तीचे केले आणि मोटारीतही ते ठेवायला लावले. पुढे २०१८ मध्ये तेच घराघरातले पिवळे जाकीट अंगावर चढवून इंधनाच्या कराविरुद्ध जनता रस्त्यावर उतरली, हा त्या सक्तीचा अनपेक्षित उपयोग! मलेशियाने १९९२ मध्ये निराळा मार्ग धरला. मोटारसायकलींना दिवसाही दिवा लावणे बंधनकारक केले आणि न दिसल्यामुळे होणाऱ्या टकरी लक्षणीय घटल्याचे तेथील अभ्यासांत दिसून आले. भारतानेही १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना आपोआप जळणारा दिवा आवश्यक केला. यात स्वाराला काही विकत घ्यावे लागत नाही, विसरताही येत नाही, आणि शाल त्याला झाकत नाही. कायद्याची सक्ती करायचीच तर ती अशी, कारखान्याच्या दारात करावी.

उरते ते समाजाने करायचे काम. जिल्ह्यात शाखा, भजनी मंडळे, गणेश मंडळे, तरुणांच्या व्यायामशाळा गावोगाव आहेत. शंभर जाकिटे वाटून एक छायाचित्र निघते, तेवढ्याच पैशांत चांगल्या प्रतीच्या परावर्तक पट्टीची गुंडाळी आणून त्याहून कितीतरी अधिक सायकली, बैलगाड्या आणि शिरस्त्राणे सजवता येतात. गाळप हंगामात कारखान्याच्या रांगेत गाड्या तासन् तास उभ्या असतात. ऊसतोड कामगारही तेव्हा मोकळे असतात. तीच वेळ पट्ट्या चिकटवायची. गाडीच्या मागे, चाकांच्या आऱ्यांवर आणि बैलांच्या शिंगांवर पट्टी लावली की ती हलती राहते. दुचाकीवाल्याला सांगायचे ते एवढेच की शाल गाडीवर बसण्यापूर्वी खोचून घ्या, मागचा दिवा पुसा आणि शिरस्त्राणाच्या पाठीमागे हातभर पट्टी लावा. डोके सहसा कशाखाली झाकले जात नाही.

चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघणारे हजारो भाविक उन्हाच्या भीतीने रात्रीच चालतात. काठीच्या होळीला रात्रभर ढोल घेऊन जाणारी माणसेही अशाच अंधाऱ्या वाटेने जातात. त्यांच्या छातीवर जाकीट नको, पायाच्या घोट्याला दोन बोटे रुंदीची पट्टी पुरे, आणि जथ्यातल्या सर्वांत मागच्या माणसाच्या दोन्ही घोट्यांना ती बांधलेली आहे की नाही, हे मुक्काम सोडण्यापूर्वी बॅटरीच्या झोतात एकदा पाहून घ्यावे.